परदेशातल्या तपासणीत भाषा आडवी आली तर: चेक-इन काउंटरपासून बाहेरच्या दारापर्यंत

पर्यटक म्हणून एखाद्या देशात जायचं तर तिथली भाषा यायलाच हवी, अशी अट सहसा नसते. तरीही विमानतळावर माणसं अडकतात. त्यातली बरीचशी अडकतात ती प्रश्न न कळताच मान डोलावून मोकळी होतात म्हणून. समोरच्याने काहीतरी विचारलं, त्यातला एखादा शब्द ओळखीचा वाटला, मागे रांग खोळंबलेली, म्हणून आपण ‘येस’ म्हणून टाकतो. पुढच्या प्रश्नाला त्याच्याशी न जुळणारं उत्तर देतो. आपल्या लेखी ही गडबड असते. काउंटरपलीकडच्या माणसाला मात्र दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत एवढंच दिसतं, आणि न जुळणारं शोधण्याचाच त्याला पगार मिळतो.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं सार एकाच सवयीत आहे: कळलं नाही तर ‘कळलं नाही’ म्हणायचं. लाज न बाळगता, हसून वेळ न मारता. विद्यार्थ्यांची गोष्ट तेवढी वेगळी. त्यांचा व्हिसाच भाषा येते या आधारावर मिळालेला असतो. ब्रिटनने तर २०११ पासून, दुभाष्याशिवाय इंग्रजी बोलता येत नसेल तर विद्यार्थ्याला सीमेवरच नाकारण्याचा अधिकार अधिकाऱ्यांना दिला. बाकीच्यांनी ‘मला इंग्रजी येत नाही’ असं सांगण्यात कुठलाही धोका नाही.

अधिकाऱ्याला काय दिसतं

त्याच्याकडे एका प्रवाशासाठी एक-दोन मिनिटं असतात. कागद वाचता वाचता तो माणूसही वाचत असतो: उत्तराला लागलेला वेळ, चुकवलेली नजर, सोबतच्या माणसाकडे वळून पाहणं, घाम. अडचण अशी की परकी भाषा मनात उलगडून उत्तर जुळवणारा माणूस आणि खोटं रचणारा माणूस बाहेरून सारखेच दिसतात. दोघंही थांबतात, दोघंही अडखळतात.

हावभावांवरून संशयित ओळखता येतात का, हा प्रश्न अमेरिकेत जाहीरपणे गाजला आहे. तिथल्या विमानतळ सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे टीएसएने, हावभाव टिपणारे खास अधिकारी नेमले होते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०१३ च्या अहवालात त्यामागचे अभ्यास तपासले आणि निष्कर्ष काढला की वागण्यावरून खोटेपणा ओळखण्याची माणसाची क्षमता नाणं उडवण्याइतकीच किंवा त्याहून किंचित बरी असते. पण असा अंदाज चुकला तरी चौकशीच्या खोलीत बसावं लागतं ते आपल्यालाच. त्यामुळे गप्प बसण्यापेक्षा लवकर आणि उघडपणे ‘भाषा येत नाही’ म्हणावं. आपल्या अडखळण्याचं कारण त्याला त्याच क्षणी कळतं.

तपासणी एक नसते

घरून निघताना आपण ‘चेकिंग’ असा एकच शब्द वापरतो. प्रत्यक्षात ही चार वेगळी ठिकाणं असतात आणि चारही ठिकाणच्या माणसांना वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतात. चेक-इन काउंटरवर विमान कंपनीला सामान तुमचंच आहे ना आणि कागद पुरे आहेत ना एवढं पाहायचं असतं. सिक्युरिटीवाल्याला तुम्ही कुठे चाललात याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला विमानात धोकादायक वस्तू जाऊ द्यायची नसते. इमिग्रेशनला तुमचा हेतू आणि मुक्काम कळायला हवा असतो. कस्टम्सला तुमच्या बॅगेत काय आहे हे पाहायचं असतं. भाषेची अडचण प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, त्यामुळे तयारीही वेगळी लागते. सिक्युरिटीच्या रांगेत उभं राहून ‘मी मुलाला भेटायला आलोय’ असं सांगणारे लोक दिसतात, ते यातूनच.

निघण्याआधी: बोलावं लागू नये याची सोय

सर्वात आधी नाव. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मध्येमध्ये कोनासारखी चिन्हं असलेल्या. यंत्र वाचतं ते हेच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या ९३०३ क्रमांकाच्या दस्तऐवजात या ओळींची रचना ठरवून दिली आहे आणि तिच्यात फक्त रोमन मोठी अक्षरं आणि अंक चालतात. जगातल्या कुठल्याही लिपीतलं नाव तिथे रोमन होऊनच येतं, आणि एकाच नावाची तीन-चार स्पेलिंगं तयार होतात ती इथूनच. तिकीट, व्हिसा, हॉटेलचं बुकिंग, विमा या सगळ्यांवर या दोन ओळींतलं स्पेलिंग अक्षर न् अक्षर उतरवा. ज्याच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे त्याने तर तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीकडे चौकशी करावी. अमेरिकी व्हिसावर अशा माणसाच्या पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, असं छापून येतं. संयुक्त अरब अमिरातीने तर २०२२ मध्ये एकेरी नावाच्या पर्यटकांसाठी नियम कडक केले. काउंटरवर उभं राहून हा घोळ मोडक्या भाषेत समजावणं फार कठीण.

तारखाही अशाच घात करतात. ०३/०४ म्हणजे कुठे ३ एप्रिल, तर कुठे ४ मार्च. जिथे स्वतःच्या हाताने तारीख लिहायची असेल तिथे महिना अक्षरांत लिहा.

मग एक कार्ड तयार करा. पोस्टकार्डाएवढा जाड कागद पुरे. एका बाजूला इंग्रजीत, दुसऱ्या बाजूला त्या देशाच्या भाषेत आणि लिपीत, मोठ्या अक्षरांत पुढची माहिती हवी: पासपोर्टवरचं पूर्ण नाव, मला कुठली भाषा येते, प्रवासाचा हेतू एका ओळीत, येण्याची आणि परतीची तारीख, परतीच्या विमानाचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता, तिथल्या ओळखीच्या माणसाचं नाव, नातं आणि देशाच्या कोडसह फोन. शेवटची ओळ: ‘मला दुभाषा हवा आहे, कृपया हळू बोला.’ दुसऱ्या भाषेतली बाजू ती भाषा जाणणाऱ्या माणसाकडून एकदा वाचून घ्या. नुसत्या ॲपवर विसंबू नका.

कागदच का? अनेक देशांच्या इमिग्रेशन हॉलमध्ये मोबाइल वापरायला मनाई असते. जिथे नसते तिथे नेमकं नेटवर्क मिळत नाही, किंवा लांबच्या प्रवासात बॅटरी संपलेली असते. तरीही मोबाइलमध्ये भाषांतराच्या ॲपचा ऑफलाइन भाषासंच घरूनच उतरवून घ्या. सिक्युरिटीपर्यंत आणि हॉलच्या बाहेर तो उपयोगी पडतो. ॲपशी बोलताना चार-पाच शब्दांची सरळ वाक्यं वापरा. ‘तसं पाहिलं तर आमचं जायचं ठरलं होतं पण मग’ अशा वाक्याचं ॲप काय करेल, सांगता येत नाही.

औषधं: इथे अर्धी लढाई लेबलवर जिंकली जाते

बॅगेत ज्या वस्तूवरून प्रश्न येईल असं वाटतं, तिने स्वतःबद्दल स्वतःच सांगावं. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. सात खणांच्या डबीत काढलेल्या सुट्या गोळ्या सोयीच्या खऱ्या, पण त्या काय आहेत हे सिद्ध करणारं त्यांच्यावर काहीच नसतं.

डॉक्टरांकडून टाइप केलेली चिठ्ठी घ्या आणि तिच्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. एकच ब्रँड नाव दोन देशांत वेगळ्या औषधाचं असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना औषधांना जगभर चालणारी नावं ठरवून देते, ती बहुतेक सगळीकडे ओळखली जातात. काही अपवाद माहीत असलेले बरे: पॅरासिटामॉलला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. अशा औषधांपुढे दोन्ही नावं लिहून घ्या.

काही ठिकाणी मात्र चिठ्ठीही पुरत नाही. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधं आणायला बंदी आहे. संयुक्त अरब अमिरातीत कोडीन, ट्रॅमाडॉल यांसारख्या नियंत्रित औषधांसाठी आधी परवानगी लागते. त्या देशाच्या वकिलातीच्या किंवा आरोग्य खात्याच्या संकेतस्थळावर ही यादी पाहून ठेवा. ‘आमच्याकडे हे दुकानात सहज मिळतं’ हे वाक्य कुठल्याही भाषेत बोललात तरी कस्टम्सवर उपयोगाचं नाही.

पॉवर बँकेलाही हाच न्याय. ती हातातल्या सामानातच न्यायची. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-अवरची होते. पण हा गुणाकार तिथे कुणी करत बसत नाही, अंगावर छापलेला आकडा बघतात. तो घासून गेला असेल तर ती घरी ठेवा.

तिकीट काढतानाच सांगायची गोष्ट

हे फार कमी लोकांना माहीत असतं. विमान कंपन्यांच्या बुकिंगमध्ये विशेष सेवांचे चार अक्षरी कोड असतात. प्रवाशाला कुठली भाषा येते हे नोंदवण्यासाठी ‘एलएएनजी’, उतरल्यावर भेटून सोबत करण्यासाठी ‘एमएएएस’. लांब चालता येत नाही पण पायऱ्या चढता येतात अशांच्या व्हीलचेअरसाठी ‘डब्ल्यूसीएचआर’. एकट्या जाणाऱ्या ज्येष्ठ प्रवाशाच्या घरच्यांनी फोन करून भाषेची नोंद आणि सोबतीची मागणी करावी, आणि ती बुकिंगवर चढली का हे पुन्हा विचारून घ्यावं.

चालता येत असूनही केवळ रस्ता कळावा म्हणून व्हीलचेअर मागण्याची पद्धत बोकाळली आहे. मला ती पटत नाही. खरी गरज असलेले ताटकळतात हे एक. दुसरं असं की व्हीलचेअर ढकलणारा माणूस तुम्हाला काउंटरपर्यंत नेतो, प्रश्नांची उत्तरं देत नाही. भाषेची अडचण जिथल्या तिथेच राहते.

रंगीत तालीम

पहिल्यांदा जाणाऱ्याकडून घरी एकदा सगळं करवून घ्या. टेबलावर एक मोठा ट्रे ठेवा. खिशातलं सगळं, पट्टा, घड्याळ, मोबाइल त्यात काढायला लावा. मग दोन्ही हात वर करून पाय फाकवून तीन-चार सेकंद उभं राहायला सांगा. त्यानंतर तुम्ही अधिकारी व्हा आणि त्यांना न कळणाऱ्या भाषेत, किंवा नुसत्या अगम्य आवाजात, चढ्या सुरात काहीतरी विचारा. बहुतेक जण पहिल्यांदा ‘हो हो’ म्हणतात. तिथेच थांबवा आणि ‘नो इंग्लिश, इंटरप्रिटर प्लीज’ हे तोंडात बसेपर्यंत पुन्हा करा. पाठांतर करून घ्यायचं ते एवढंच. बाकीची उत्तरं घोकून घेऊ नका, कारण घोकलेलं उत्तर चुकीच्या प्रश्नाला बाहेर पडतं.

चेक-इन: ‘नाही’ला ‘हो’

‘बॅग तुम्हीच भरली का?’, ‘भरल्यानंतर ती कायम तुमच्याजवळच होती का?’, ‘कुणी काही न्यायला दिलंय का?’ हे ठरलेले प्रश्न. पहिल्या दोघांचं निर्दोष उत्तर ‘हो’ आहे आणि तिसऱ्याचं ‘नाही’. लय लागून तिसऱ्यालाही ‘येस’ गेलं की बॅग उघडलीच समजा.

त्याहून चकवणारे असतात नकारार्थी प्रश्न. ‘तुमच्याकडे कुणाचं काही सामान नाही ना?’ याला आपण ‘हो, नाही’ म्हणतो आणि ते आपल्यात बरोबरच असतं. इंग्रजीत त्याच प्रश्नाला नुसतं ‘येस’ म्हटलं तर ऐकणारा ‘आहे’ असा अर्थ घेऊ शकतो. उपाय सोपा: नुसतं हो-नाही टाळा आणि वस्तुस्थिती सांगा. ‘ओन्ली माय थिंग्ज.’ ‘नो मीट, नो फ्रूट.’ व्याकरणाची काळजी करू नका. मानेने उत्तर देणंही टाळा. आपलं आडवं डोलावणं अनेकांना होकार वाटतो की नकार, हे त्यांनाच ठरवता येत नाही.

आणि बॉम्ब, हत्यार, स्फोट यांवरून कुठल्याही भाषेत विनोद नको. आपसात, आपल्या भाषेत बोलतानाही नको. ‘बॉम्ब’ हा शब्द सगळ्यांना कळतो, आजूबाजूचं वाक्य कुणाला कळत नाही.

सिक्युरिटी: कान कमी, डोळे जास्त

इथे भाषा जवळजवळ लागतच नाही, पण ओरडून दिलेल्या सूचनांनी माणूस गांगरतो. त्यातली गोम अशी की प्रत्येक विमानतळाच्या सूचना थोड्या वेगळ्या असतात. २००६ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक पार करणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट ब्रिटनमध्ये उघड झाला. तेव्हापासून १०० मिलिलीटरचा नियम आला: बाटलीची क्षमता १०० मिलिलीटरपर्यंत, अशा सगळ्या बाटल्या एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. २०० मिलिलीटरच्या बाटलीत तळाला थोडंसं उरलंय, हा युक्तिवाद चालत नाही. आता काही विमानतळांवर सीटी स्कॅनर आले आहेत, तिथे लॅपटॉप आणि द्रव बॅगेतच ठेवू देतात. म्हणजे एका ठिकाणी ‘बाहेर काढा’ म्हणून ओरडतात आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आत ठेवा’ म्हणून. शब्द कळले नाहीत तर पुढच्या दोन-तीन माणसांच्या ट्रेमध्ये काय आहे ते पाहा आणि तसंच करा.

बॉडी स्कॅनरमध्ये जमिनीवर पावलांची चित्रं असतात, समोर हात वर केलेल्या माणसाचं चित्र असतं. तसंच उभं राहा. यंत्राला काही खटकलं तर पडद्यावर एका साध्या आकृतीवर त्या जागी चौकोन दिसतो आणि अधिकारी तेवढीच जागा चाचपतो. अंगतपासणी सहसा त्याच लिंगाची व्यक्ती करते आणि बंद खोलीत करा असं म्हणता येतं. पेसमेकर किंवा शरीरात धातू असेल तर त्याचं कार्ड स्कॅनरमध्ये शिरण्याआधी दाखवा, वाजल्यावर नाही. आजारी माणसाचा उजवा हात नकळत खिशाकडे जातो, कार्ड काढायला. तो जाऊ देऊ नका. कार्ड आधीपासून हातात असू द्या.

आता बॅग बाजूला काढली गेली, असं समजा. पट्ट्याच्या शेवटी ती वेगळ्या मार्गिकेवर वळते, हातमोजे घातलेला अधिकारी ती उचलतो, वर धरतो आणि रांगेकडे पाहतो. ‘कुणाची?’ एवढाच त्याचा प्रश्न. हात वर करून पुढे व्हा. तो टेबलाच्या एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या. तो हात घालण्याआधी थांबून काहीतरी विचारतो. हा प्रश्न जवळपास नेहमी एकच असतो: आत धारदार, टोकदार काही आहे का? त्याला स्वतःच्या बोटांची काळजी आहे. इन्सुलिनची सुई, कात्री, ब्लेड असेल तर ‘नीडल’ म्हणा किंवा बोटावर टोचल्याची खूण करा. इथे अंदाजाने ‘नो’ म्हणालात आणि त्याला सुई लागली, तर पुढचा अर्धा तास फार वाईट जातो. मग तो चेन उघडतो, वस्तू एकेक बाहेर ठेवतो. या क्षणी प्रत्येकाला पुढे होऊन ‘ही बघा, इथे आहे’ म्हणत कप्पा उघडून द्यावासा वाटतो. बॅगेला हात लावू नका. बोटाने दाखवा, तळहात उघडे ठेवा.

कधी तो कापडाचा किंवा कागदाचा तुकडा तळहातावर, पट्ट्यावर, लॅपटॉपवर फिरवून यंत्रात घालतो. स्फोटकांचे कण शोधणारी ही चाचणी असते. तिच्यासाठी कुणालाही निवडतात. ग्लिसरीन असलेलं क्रीम, खत, हृदयविकाराची नायट्रोग्लिसरीनची गोळी यांनीही यंत्र वाजू शकतं. वाजलं तर पुन्हा तपासणी होईल, एवढंच. औषधाची चिठ्ठी दाखवा.

इमिग्रेशन: चार प्रश्न, एक शब्द

का आलात, किती दिवस, कुठे राहणार, परत कधी. फार तर खर्च कोण करणार आणि इथे कोण आहे. या प्रश्नांची उत्तरं कार्डावर आहेतच. पासपोर्टसोबत कार्ड पुढे सरकवा. अनेक अधिकाऱ्यांना तेच बरं वाटतं. विचारलं तेवढंच सांगा. शांतता भरून काढण्यासाठी जोडलेलं वाक्य नवा प्रश्न घेऊन येतं.

एक शब्द जपून: ‘वर्क’. आपण कुठल्याही कारणाला ‘काम’ म्हणतो, बँकेत काम आहे, लग्नाचं काम आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाने ‘आय हॅव वर्क हिअर’ म्हटलं की अधिकारी नोकरी ऐकतो. परिषदेला आला असाल तर ‘कॉन्फरन्स’, नातवंडांना भेटायला तर ‘फॅमिली व्हिजिट’. ‘मुलांना सांभाळायला आलोय’ हेही काही ठिकाणी बिनपगारी नोकरीसारखं ऐकू येतं, कारण ते नात्यापेक्षा मदतीवर भर देतं. भेटायला आलोय, हे खरं आणि पुरेसं.

व्हिसाच्या अर्जात एजंटाने काय लिहिलंय ते वाचलंय का? भाषा येत नाही म्हणून अर्ज दुसऱ्याने भरलेला असतो आणि त्यातला हेतू, पगार, नातं प्रवाशाला ठाऊकच नसतं. अर्जाची प्रत मागून घ्या, कुणाकडून तरी वाचून घ्या. अधिकाऱ्याच्या पडद्यावर तोच अर्ज उघडा असतो.

आतल्या खोलीत नेलं तर

याला सेकंडरी म्हणतात, आणि बहुतेक वेळा ही फक्त पुढची चौकशी असते, अटक नव्हे. मोबाइल बाजूला ठेवायला सांगतील, थांबावं लागेल. मधुमेह, रक्तदाब, औषधाची वेळ असेल तर आत शिरतानाच सांगा.

दुभाषा इथे मागायचाच, मोडकंतोडकं इंग्रजी येत असलं तरी. भाषेचं नाव स्पष्ट सांगा. अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याची ‘आय स्पीक’ नावाची पोस्टरं आणि पुस्तिका आहेत, त्यांत वेगवेगळ्या भाषांत ‘मी ही भाषा बोलतो’ असं छापलेलं असतं. आपल्या ओळीवर बोट ठेवायचं. दुभाषा बहुधा फोनवर असतो. तो जवळची पण वेगळीच भाषा बोलत असेल तर ‘बरंचसं कळतंय’ म्हणून निभावू नका, लगेच सांगा. सोबतच्या नातेवाइकाने भाषांतर केलेलं अधिकाऱ्याला चालत नाही आणि ते योग्यच आहे. मुलगा आईच्या वतीने उत्तर देऊन टाकतो.

दुभाषा तुमचा वकील नसतो. त्याला मधेच ‘काय सांगू?’ असं विचारू नका, तो तेही भाषांतरित करील. अधिकाऱ्याकडे पाहून बोला, दोन वाक्यांनी थांबा, आकडे आणि तारखा बोटांनी किंवा लिहून दाखवा.

सही करण्याआधी थांबा. जबाब लिहून झाला की तो आपल्या भाषेत वाचून दाखवा, अशी मागणी करा. चुकलेलं तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. अमेरिकेत झटपट माघारी पाठवण्याचा आदेश निघाला तर सर्वसाधारणपणे ५ वर्षं पुन्हा येता येत नाही, आणि त्याचा पाया हा जबाबच असतो. प्रत्येक पानावर आद्याक्षरं करायला सांगतात. न कळलेल्या पानावर ती करू नका. ‘समजलं नाही’ असं नम्रपणे सांगत राहा.

प्रकरण खरोखर अटकेपर्यंत किंवा कोठडीपर्यंत गेलं तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६ लागू होतं: आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याची मागणी करता येते आणि हा हक्क आहे हे तुम्हाला विनाविलंब सांगणं त्यांचं कर्तव्य आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये पाकिस्तानने हेच कलम मोडल्याचा निकाल दिला. अटकेचं कारण तात्काळ सांगितलं जाणं, खटल्यात आरोप समजणाऱ्या भाषेत कळणं आणि न्यायालयात विनामूल्य दुभाषा मिळणं हे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही आहे. पाठ करायचं वाक्य एकच: ‘माय एम्बसी, प्लीज.’

कस्टम्स: हिरव्या रांगेत चालणं हेही एक विधान आहे

लाल आणि हिरवी अशा दोन मार्गिका जिथे असतात तिथे हिरवीतून चालत जाणं म्हणजेच ‘माझ्याकडे जाहीर करण्यासारखं काही नाही’ असं सांगणं. पाटी वाचता आली नाही, हा बचाव टिकत नाही. शंका असेल तर लाल. तिथे पाच मिनिटं जातात, दंड होत नाही.

रोख रकमेचा प्रश्न सर्वाधिक लोक चुकीचा समजतात. अमेरिकेत १०,००० डॉलरहून जास्त, युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रक्कम असेल तर ती जाहीर करायची असते. त्याहून जास्त आणायला मनाई नसते. पण फॉर्मवर हा आकडा दिसला की माणसाला वाटतं, एवढे आणणं गुन्हा आहे, आणि तो ‘नाही’वर खूण करतो. गुन्हा घडतो तो या खुणेने.

खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू यांबाबत ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड फार कडक आहेत. न्यूझीलंडमध्ये जाहीर न केलेल्या पदार्थासाठी जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होतो. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. ऑस्ट्रेलियाच्या आगमन कार्डाचे नमुने अनेक भाषांत उपलब्ध असतात. घरी बसून वाचा, म्हणजे विमानात शेजाऱ्याचं पाहून खुणा कराव्या लागत नाहीत.

बाहेर वाट पाहणाऱ्यांनी

१३ ऑक्टोबर २००७ ला रॉबर्ट जिकान्स्की नावाचा पोलिश माणूस कॅनडात व्हँकुव्हर विमानतळावर उतरला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. आई त्याला घ्यायला आली होती आणि सामानाच्या पट्ट्यापाशी थांब असं तिने सांगून ठेवलं होतं. पण तो भाग बाहेरच्या लोकांसाठी बंद असतो. तो आत थांबला, ती बाहेर. तिला तो तिथे नाही असं सांगितलं गेलं आणि ती परत गेली. सुमारे १० तासांनी, थकून बिथरलेल्या त्या माणसावर पोलिसांनी विजेच्या झटक्याचं हत्यार पाच वेळा वापरलं आणि १४ तारखेच्या पहाटे तो तिथेच मरण पावला. न्यायमूर्ती थॉमस ब्रेडवुड यांच्या चौकशी आयोगाने २०१० मध्ये तो वापर समर्थनीय नव्हता असं ठरवलं.

पोलिसांचा दोष आयोगाने नोंदवला. आपण यातून घ्यायचं ते साधं आहे: भेटण्याची जागा ठरवताना ती दोघांनाही पोचता येण्याजोगी आहे का हे विमानतळाच्या नकाशावर पाहा. ‘कस्टम्सचं शेवटचं दार ओलांडेपर्यंत कुठेही थांबायचं नाही’ असं प्रवाशाला बजावून सांगा. विमान उतरून दोन तास झाले आणि माणूस आला नाही, तर घरी जाऊ नका. विमान कंपनीच्या काउंटरवर प्रवाशाचं पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, विमान क्रमांक लिहिलेला कागद द्या, तो विमानात चढला होता का हे विचारा आणि आतल्या इमिग्रेशन अधिकाऱ्यांपर्यंत निरोप पोचवायला सांगा. त्याला फक्त कुठली भाषा कळते हे त्या कागदावर ठळक लिहा. पहिल्या माणसाने ‘इथे कुणी नाही’ म्हटलं तर दुसऱ्याला विचारा.

सगळं नीट असूनही दर वेळी तुम्हालाच बाजूला घेत असतील, तर नामसाधर्म्य हे एक कारण असू शकतं. संशयितांच्या यादीतल्या कुणाच्या नावाचं रोमन स्पेलिंग तुमच्या नावाशी जुळत असतं. अमेरिकेच्या प्रवासासाठी ‘डीएचएस ट्रिप’ नावाची तक्रार निवारणाची सोय आहे. ऑनलाइन अर्ज केला की एक रिड्रेस क्रमांक मिळतो, तो पुढच्या तिकिटाच्या बुकिंगमध्ये टाकायचा.